ट्रॅक्टरच्या मागचे तीन बिंदू
(स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम’ या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला की प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. मी म्हटलं, लेका, माझ्या आधी हृदयाचा डॉक्टर बोलणार, माझ्यानंतर बँकेतले साहेब, मध्ये मी उभा राहून काय सांगू? तो म्हणाला, ‘तू ट्रॅक्टरच्या पाठीमागचं सांग. अर्ध्या वर्गाकडं ट्रॅक्टर आहे. हृदय बिघडलेले अजून दोघंच आहेत.’ म्हणून उभा राहिलोय. चुकलं तर सांभाळून घ्या. पूर्वीही घेतलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहावीनंतर मी आयटीआयला फिटर झालो आणि तेव्हापासून तासगाव रस्त्याला फाट्यावर माझं वर्कशॉप आहे. आपला भाग द्राक्षाचा. दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा आणि डोक्यावर मांडव. तिथं पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर नीट वळतही नाही. म्हणून आपल्याकडं १८ ते ३० हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर आले. माझ्याकडं येणाऱ्या दहा ट्रॅक्टरांतले सात असे छोटेच असतात. आणि त्यांच्या तक्रारी बहुतेक इंजिनाच्या नसतात. इंजिन आणि जमीन यांच्यामध्ये जे जोडकाम असतं, त्याच्या असतात. त्याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. आपण नुसतं ‘लिफ्ट’ किंवा ‘हायड्रॉलिक’ म्हणतो.

आता गणिताच्या सरांची माफी मागून एक आठवण सांगतो. नववीत सरांनी फळ्यावर लिहिलं होतं की नैकरेषीय तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. मी मागच्या बाकावरून विचारलं होतं, ‘सर, याचा शेतात काय उपयोग?’ सगळा वर्ग हसला. सर रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘तिवईचे पाय तीन आहेत म्हणून ती वेड्यावाकड्या फरशीवरही डगमगत नाही. माझ्या टेबलाला चार पाय आहेत, त्याच्याखाली मला रोज कागदाची घडी घालावी लागते.’ उत्तर तेवढंच होतं. मला ते समजायला आणखी सात-आठ वर्षं लागली. ट्रॅक्टरच्या मागं अवजार धरलेलं असतं ते अशाच तीन बिंदूंवर. खाली दोन हात, म्हणजे लोअर लिंक, आणि वर मधोमध एक टॉप लिंक. खालचे दोन हात लिफ्ट रॉडना टांगलेले असतात आणि हायड्रॉलिक ते रॉड वर ओढतं. हात डावी-उजवीकडं झुलू नयेत म्हणून दोन बाजूंना चेकचेन किंवा स्टॅबिलायझर असतात. एवढाच सगळा संसार आहे.

ही रचना ज्यानं घडवली तो हॅरी फर्ग्युसन नावाचा आयर्लंडचा माणूस. जन्म १८८४ चा, शेतकऱ्याचा मुलगा. आपल्याकडं वडीलधाऱ्यांच्या तोंडात अजून ‘मॅसी’ हा शब्द आहे. त्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं किंवा आकड्यानं ओढत, बैलामागं ओढावा तसा. फाळ दगडाला किंवा मुळीला अडला की नांगर थांबायचा, पण चाकं थांबायची नाहीत. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो चालकासकट मागं उलटायचा. त्या काळात अशी माणसं मेली आहेत. फर्ग्युसननं नांगर साखळीनं न ओढता तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला की दोन्ही मिळून एकच यंत्र झालं. फाळ अडला की अवजार पुढं कलंडू पाहतं आणि वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं ढकलते. म्हणजे जे तोंड वर जाणार होतं, ते दाबून धरलं जातं. १९३९ साली हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या ९एन या ट्रॅक्टरबरोबर ही रचना जगभर गेली आणि आज आपल्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरलाही तीच आहे. टॉप लिंक म्हणजे काही अवजार टांगायचा हूक नाही, हे लक्षात ठेवा. ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेली दांडी आहे. याच्याकडं मी शेवटी परत येणार आहे.

आधी आपल्या एका वर्गमित्राची गोष्ट. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगत नाही, पण तो आत्ताच खाली बघायला लागलाय. त्यानं नोकरीतून मोकळं झाल्यावर २४ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणि चार फुटी रोटाव्हेटर घेतला, कर्ज काढून. सहा महिन्यांत माझ्याकडं आला आणि म्हणाला, ‘हा विकून टाकतो. यात ताकदच नाही. रोटाव्हेटर एका बाजूला सहा इंच जातो, दुसऱ्या बाजूला तीन. स्टिअरिंग एकीकडं ओढतं. धूर काढतो. नाहीतर तू हायड्रॉलिकचा पंप मोठा बसवून दे.’

मी म्हटलं, विकायचा तर वीक, पण आधी एक दुपार दे. आम्ही ट्रॅक्टर वर्कशॉपच्या सपाट कोब्यावर उभा केला. हातात फक्त टेप, लेव्हलची बाटली आणि हवेचं मीटर. काय केलं ते क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते.

पहिलं, चाकांतली हवा. मागच्या एका चाकात १४ पौंड होती, दुसऱ्यात ८. ट्रॅक्टरच तिरका उभा होता, तर अवजार सरळ कसं राहील? लोक पान्हा घेऊन लिफ्ट रॉडला भिडतात, आणि हवा कोणी बघत नाही.

दुसरं, खालच्या दोन हातांची उंची. हात अर्धे उचलून दोन्ही टोकांच्या गोळ्यांपासून जमिनीपर्यंत टेप लावली. अडीच इंचांचा फरक. डावा लिफ्ट रॉड बहुतेक ठिकाणी ठरावीक लांबीचा असतो, उजव्याला फिरवायचं हँडल किंवा टर्नबकल असतो. तो फिरवून दोन्ही मापं एक केली. नांगराचं तेवढं वेगळं असतं. नांगरताना उजवं चाक तासात चालतं, म्हणजे ट्रॅक्टरच कललेला असतो. तिथं कोब्यावरचं माप चालत नाही, एक तास मारून शेतातच जुळवावं लागतं.

तिसरं, मध्य. दोन्ही हातांपासून चाकाच्या आतल्या बाजूपर्यंतचं अंतर सारखं पाहिजे. याची एक चेकचेन तुटलेली होती आणि तिथं बाइंडिंग तार बांधलेली होती. तार ताणली गेल्यामुळं रोटाव्हेटर चार बोटं उजवीकडं सरकून चालत होता. स्टिअरिंग ओढतंय ते त्यामुळं. नवी चेन बसवली. रोटाव्हेटरला आणि ब्लोअरला चेन जवळजवळ ताठ ठेवायची. नांगराला काम करताना थोडी ढिली, म्हणजे तो आपली वाट धरतो. पण उचलल्यावर झुलून चाकाला लागणार नाही इतपतच.

चौथं, टॉप लिंक. ही आखूड केली की अवजाराचं डोकं पुढं ओढलं जातं, पुढचा भाग खाली जातो आणि शेपूट वर येतं. लांब केली की उलट. कल्टिव्हेटरचे पुढचे फण खोल आणि मागचे वरवर जात असतील तर टॉप लिंक आखूड झालीय, मागचे खोल जात असतील तर लांब. इतकं ते सरळ आहे. रोटाव्हेटरला मात्र आणखी एक गोष्ट बघायची असते. तो कामाच्या खोलीला टेकवला की त्याच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. मग मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे राहतात आणि फिरणं गुळगुळीत होतं. याची टॉप लिंक इतकी आखूड होती की गिअरबॉक्स नाक खाली घालून बसला होता. ते कोन सारखे नव्हते म्हणून खडखड होत होती, आणि ती खडखड हा सहा महिने इंजिनाची समजत होता.

पाचवं, खोली. रोटाव्हेटरची खोली बाजूच्या स्कीडवर ठरवायची आणि पोझिशनचा लिव्हर त्याच्याशी जुळवायचा. यानं स्कीड सगळ्यात वर ठेवून सगळा भार लिफ्टवर टाकलेला होता.

एवढं करायला चार तास लागले. खर्च एका चेनचा आणि चार पिनांचा. दुसऱ्या दिवशी यानं बागेतून फोन केला. दोन्ही बाजूंनी खोली सारखी, धूर नाही. त्यानं विचारलं, ‘पंप कधी बसवायचा?’ मी म्हटलं, पंपाच्या पैशात वहिनींना काहीतरी घे. ट्रॅक्टर अजून त्याच्याकडंच आहे.

माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आहे: आधी जुळवा, मग वाढवा. ताकद कमी पडतेय असं ज्याला वाटतं, त्याची बहुतेक वेळा जुळणी बिघडलेली असते.

आता वाढवायचं काय आणि किती, ते सांगतो. मी वर्कशॉपवाला आहे, मला नवीन सामान विकण्यात फायदा आहे. तरीही खरं सांगतो.

सगळ्यात कामाची सुधारणा म्हणजे खालच्या हातांची सरकणारी टोकं. आपल्या वर्गातली एक मैत्रीण आता एकटी बाग सांभाळते. ट्रॅक्टर स्वतः चालवते. अवजार जोडायचं म्हणजे ट्रॅक्टर तंतोतंत मागं घ्यावा लागतो, अर्धा इंच चुकला तरी पिन बसत नाही. मग गड्याला ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये उभं करून ‘अजून थोडं, अजून थोडं’ चालायचं. यात किती जणांच्या बरगड्या दबल्यात, ते आपल्या डॉक्टर मित्राला विचारा. सरकणारी टोकं बसवल्यावर ती ट्रॅक्टर साधारण जागेवर आणते, इंजिन बंद करून उतरते, खटका दाबून टोक पाच-सहा इंच बाहेर ओढते, पिन घालते. मग वर बसून ट्रॅक्टर हळूच मागं घेते, टोकं आत जाऊन आपोआप अडकतात. मध्ये कोणी उभं राहायला लागत नाही. जो हे काम एकट्यानं करतो, त्यानं हा खर्च जरूर करावा.

दुसरी, चेनऐवजी टर्नबकलचे स्टॅबिलायझर. मध्य एकदा जुळला की हलत नाही. ब्लोअरवाल्यांनी बसवावेत.

तिसरी, क्विक हिच, म्हणजे ट्रॅक्टरला कायम लावलेली चौकट, जिच्यात अवजार मागून येऊन अडकतं. सोय चांगली आहे, पण ती अवजाराला चार इंचांच्या आसपास मागं ढकलते. त्यानं दोन गोष्टी बदलतात. भार मागं सरकतो, आणि पीटीओचा दांडा तेवढा बाहेर ताणला जातो. या दांड्याची एक नळी दुसऱ्या नळीत किमान एक तृतीयांश लांबीइतकी शिरलेली राहिली पाहिजे. नाही राहिली तर ती कधीतरी निसटणार, आणि मिनिटाला ५४० फेरे फिरणारा मोकळा दांडा काय करतो ते मला इथं सांगायचं नाही.

चौथी, हायड्रॉलिक टॉप लिंक. सीटवर बसून लांब-आखूड करता येते. जमीन सपाट करायचं ब्लेड किंवा पलटी नांगर रोज वापरणाऱ्याला उपयोगी. पण तिला वेगळा दुहेरी व्हॉल्व्ह लागतो आणि तेल अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्हही लागतो. बागेत वर्षभर एकच रोटाव्हेटर चालवणाऱ्याला तिची गरज नाही. साधी टॉप लिंक घ्या, आट्यांना ग्रीस लावा, आणि जुळलेल्या मापाला ऑइल पेंटनं खूण करा. दोन अवजारं असतील तर दोन रंगांच्या खुणा. हीसुद्धा सुधारणाच आहे, पाच रुपयांची.

आता पिनांबद्दल. छोट्या ट्रॅक्टरचा पहिला वर्ग असतो, टॉप लिंकची पिन १९ मिलीमीटर आणि खालच्या पिना २२. मोठ्या ट्रॅक्टरचा दुसरा वर्ग, साधारण २५ आणि २८ मिलीमीटर. बाजारात मोठ्या ट्रॅक्टरचं जुनं अवजार स्वस्त मिळतं. लोक ते आणतात आणि बुश घालून छोट्याला जोडतात. बुश घातल्यानं पिन बसते, पण त्यानं ट्रॅक्टर मोठा होत नाही. आणि पिनेच्या जागी बोल्ट घालू नका. बोल्ट दिसतो जाड, पण आट्यांच्या खाचेतच तो कापला जातो. लिंच पिन हरवली म्हणून तार गुंडाळू नका. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, नारळ फोडतो. त्या दिवशी फक्त पिनाही मोजा.

आणि आता वजन. याच्यात सरांच्या गणिताची परीक्षा आहे. एक जण आला, म्हणाला, ‘कंपनीच्या पुस्तकात लिफ्ट साडेसातशे किलो उचलते असं लिहिलंय. मला ४०० लिटरचा ब्लोअर मागं बसवून दे. पाणी ४०० किलो, यंत्र २०० किलो, झाले ६००. बसतंय की.’ मी त्याला कागदावर सातवीतली तरफ काढून दाखवली. तुमचा ट्रॅक्टर ९०० किलोचा. त्यातले समजा ३६० किलो पुढच्या चाकांवर. दोन चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. ६०० किलोचा भार मागच्या अक्षापासून १२० सेंटिमीटर मागं लटकतोय. ६०० गुणिले १२० भागिले १५०, आले ४८०. म्हणजे तो भार पुढच्या चाकांवरून ४८० किलो उचलून घेतो. आणि पुढं आहेत किती? ३६०. लिफ्ट उचलेल हो, पण स्टिअरिंग फिरवायला पुढची चाकं जमिनीवर राहणार नाहीत.

मग त्याला २०० लिटरची टाकी सुचवली. यंत्रासकट ३५० किलो, भार ११० सेंटिमीटरवर. पुढून उचलले जातात २५७, उरतात १०३. नियम असा की ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, म्हणजे इथं १८०. म्हणून पुढच्या अक्षाच्या ५० सेंटिमीटर पुढं ६० किलोच्या प्लेटा लावल्या. त्यांनी ८० किलोंची भर घातली, झाले १८३. सर, उत्तर बरोबर आहे ना? सर मान हलवतायत. नववीत एवढं आलं असतं तर बरं झालं असतं.

आता शेवटची गोष्ट. ती सांगायची की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. ज्याची आहे, त्याला विचारून सांगतोय. तो शेवटच्या रांगेत बसलाय. माझा धाकटा भाऊ. आपल्याच शाळेचा, आपल्यानंतर तीन वर्षांनी.

२०११ चा उन्हाळा. जुनी बाग काढली होती आणि बांधावर वाळलेल्या बाभळीचं खोड उरलं होतं. भावानं फोन केला, ‘दादा, मागं साखळी अडकवायला एखादा हूक करून दे.’ ट्रॅक्टरला खाली ओढायची पट्टी होती, पण रोटाव्हेटरला आडवी येते म्हणून ती आम्हीच काढून ठेवली होती. मी विचार केला, खाली कशाला, वरच देतो. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला २० मिलीमीटरच्या सळईचा हूक वेल्ड करून दिला. वेल्डिंग इतकं मजबूत केलं की मीच त्याच्यावर लोंबकळून बघितलं. भावाला म्हटलं, ‘आता खोड काय, घर ओढलंस तरी निघणार नाही.’

मी म्हटलं होतं तसंच झालं. हूक निघाला नाही.

चाक जागेवर अडकलं की इंजिन चाकाला फिरवायच्या ऐवजी ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवायला बघतं. साखळी जितकी उंचावर बांधलेली, तितकं त्याला ते सोपं जातं. अवजार लावलेलं असतं तेव्हा टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढं ढकलते. मी त्याच जागेवरून त्याला मागं ओढायची सोय करून दिली होती. फर्ग्युसननं जे अपघात थांबवायला ही रचना केली, तोच अपघात मी सळई वेल्ड करून परत घडवला.

भावानं पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. खोड हललं नाही. पुढची चाकं वर आली. क्लच दाबायला पाऊण सेकंद असतो, त्यानंतर काही करता येत नाही. तो बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. मडगार्ड डाव्या पायावर आलं. तीन ऑपरेशनं झाली, अर्धा एकर विकला. आज तो चालताना पाय ओढतो ते त्यामुळं. गावात सगळे म्हणाले, नशीब. कोणी म्हणालं, ट्रॅक्टरच हलका. मीही वर्षभर तेच म्हणत होतो. वेल्डिंग तर तुटलं नव्हतं, मग माझी चूक कशी? भावानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मीही त्याला सांगितलं नाही. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकानं तसाच हूक मागितला आणि माझा हात मशिनवर थरथरला. त्या रात्री घरी जाऊन भावाला पहिल्यांदा सांगितलं की चूक तुझी नव्हती, ट्रॅक्टरचीही नव्हती, माझी होती. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘दादा, हे मला माहीत होतं. तुला कधी कळतंय, याची वाट बघत होतो.’

तो हूक मी गॅसनं कापून काढला. तो वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेला आहे. टॉप लिंकला हूक मागायला कोणी आलं की मी तिकडं बोट दाखवतो, आणि जमलं तर भावाला बोलावून घेतो. तोच समजावून सांगतो, माझ्यापेक्षा नीट.

तर मित्रांनो, माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, साखळी किंवा दोर नेहमी मागच्या अक्षाच्या खाली, ओढायच्या पट्टीलाच लावा. टॉप लिंकच्या जागेला कधीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. पट्टी काढून ठेवली असेल तर आज घरी जाऊन शोधा. दोन, इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये कोणाला उभं करू नका, आणि पीटीओवरचं झाकण भंगारात घालू नका. तीन, नवीन काही बसवायच्या आधी एक दुपार टेप घेऊन सपाट जागेवर बसा.

ज्यांना हे एकट्यानं जमणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझं वर्कशॉप आपल्या शाळेच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांसाठी सकाळपासून उघडं राहील. ट्रॅक्टर घेऊन या. हवा, लिफ्ट रॉड, चेन, टॉप लिंक, पिना, सगळं बघून देतो. पैसे नाहीत. फक्त येताना जे अवजार रोज वापरता ते मागं जोडून आणा, रिकामा ट्रॅक्टर आणू नका, कारण जुळणी दोघांची असते.

सर, तुम्हीही यावं अशी इच्छा आहे. एक खुर्ची टाकून ठेवतो. मी माप घेईन, तुम्ही फक्त गुणाकार तपासा.